अण्णांचं हीटर-वायंडिंगचं दुकान, अक्कलकोट रोड एमआयडीसी : हेलिकॉप्टरच्या पात्यांचं वायरिंग करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो मग बाकीचं. सोलापुरात कुणाला बाजारात तयार मिळत नाही असलं हीटिंगचं काम करून घ्यायचं असेल, वेगळ्या मापाचा हीटर, वेगळ्या आकाराची पट्टी, फिरणाऱ्या मशीनवरचा हीटर, तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या या दुकानात बिनधास्त जा. पाचपैकी साडेचार. अर्धा कशाबद्दल कापला ते खाली येईलच. दुकानावर धड पाटी नाही, शेजारच्या टॉवेलच्या युनिटवाल्यांना "अण्णांचं वायंडिंग" विचारलं की हात करून दाखवतात.

आमचं काम काय होतं ते सांगतो, कारण त्याशिवाय या माणसाने काय केलंय ते कळणार नाही. मी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल लॅब बघतो. फायनल इयरच्या पोरांनी प्रोजेक्ट घेतला होता, हेलिकॉप्टरच्या पात्यांवर साचणारा बर्फ विजेच्या हीटरने काढायची सिस्टीम, छोटं चालतं मॉडेल. दोन पाती, प्रत्येक साधारण हातभर लांब, फायबर ग्लासची, पुढच्या कडेला हीटर, मधे हब, हबमधून करंट वर जाणार आणि पाती फिरत असतानाच हीटर चालू-बंद होणार. ज्याला सांगावं तो हसायचा, सर सोलापुरात एप्रिलमध्ये ४३ डिग्री असतंय आणि तुम्ही बर्फ काढायचं मशीन करताय. पण होटगी रोडवरून २०२५ पासून गोव्याला विमान जायला लागलंय, पोरांना एव्हिएशनमध्ये नोकऱ्या करायच्यात, आणि पोरं काय आयुष्यभर सोलापुरातच राहणार आहेत का? आपल्या एअरफोर्सची एमआय-१७ लडाखकडे उडतात, त्यांच्या पात्यांमध्ये ही विजेची सोय असते. अमेरिकेच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला आहे. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर माणसं नेणाऱ्या एस-९२ ला, एडब्ल्यू-१३९ ला पण घेता येते. आणि ज्या हेलिकॉप्टरला ही सोय नाही त्यांना बर्फ धरणाऱ्या ढगात शिरायला सहसा परवानगी नसते, वैमानिकाने मागे फिरायचं नाहीतर खाली उतरायचं.

यात खरी अडचण काय असते ते थोडक्यात. ढगात शून्याच्या खाली गेलेलं पण अजून न गोठलेलं पाणी असतं, अगदी बारीक थेंब, ते पात्याच्या पुढच्या कडेला आपटले की तिथल्या तिथे गोठतात. पात्याचा आकार बिघडतो, लिफ्ट म्हणजे वर उचलणारा जोर कमी होतो, इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. पण त्याहून वाईट म्हणजे एका पात्यावरचा बर्फ सुटून पडतो आणि दुसऱ्यावरचा तसाच राहतो, मग बॅलन्स जातो आणि सगळं हेलिकॉप्टर हादरायला लागतं. म्हणून बर्फ काढायचा तर समोरासमोरच्या पात्यांवरचा एकाच वेळी काढायचा. आणि सगळी पाती सतत गरम ठेवायची म्हटलं तर जनरेटर पुरत नाही, चौरस इंचाला २५ वॅटच्या आसपास लागतात, त्यामुळे पात्याचे भाग पाडतात आणि एकेका भागाला आळीपाळीने थोडा वेळ जोरात करंट देतात. आधी पातळ थर साचू द्यायचा, मग झटका द्यायचा, पात्याला चिकटलेला तेवढा पापुद्रा वितळला की बाकीचा बर्फ फिरण्याच्या जोराने आपोआप फेकला जातो. टोकाशी हा जोर गुरुत्वाकर्षणाच्या शेकडो पट असतो त्यामुळे अख्खा बर्फ वितळवायची गरजच नसते. किती वेळ चालू ठेवायचं ते बाहेरच्या तापमानावर ठरतं, किती वेळाने परत द्यायचं ते बर्फ किती जोरात साचतोय त्यावर.

आता दुकानाकडे येतो. अण्णांचा मेन धंदा मोटर रिवायंडिंग, लूमच्या मोटरी, बोअरचे पंप, उन्हाळ्यात कूलर. पण आतल्या खोलीत हीटरचं काम चालतं, डाईंगवाल्यांचे ड्रायरचे हीटर, बँड हीटर, आणि शेंगा चटणीवाल्यांच्या पाऊच सीलिंग मशीनच्या पट्ट्या. पोरांनी आधी शहरात एका ठिकाणी (नाव घेत नाही) एक पातं करून घेतलं होतं, गोल नायक्रोम वायर (हीटरमध्ये तापते ती मिश्रधातूची तार), टोकाला साधं सोल्डरिंग केलेलं. नायक्रोमला साधं सोल्डर धरतच नाही हे तिथल्या माणसाला माहीत नव्हतं की काय देव जाणे, पहिल्याच वेळी गरम झालं आणि जॉईंट सुटून हातात आला, वर पैसे परत मागितले तर तुमच्या पोरांनी जास्त व्होल्ट दिले म्हणून आमच्यावरच ओरडला. तिथून वैतागून आम्ही अण्णांकडे गेलो.

अण्णांनी ड्रॉइंग बघितलं, हेलिकॉप्टर म्हटल्यावर हसले नाहीत. पहिला प्रश्न व्होल्टचा नाही, पैशाचा नाही. म्हणाले, "सर, आधी टाईम सांगा की. किती सेकंद चालू ठेवणार? आन किती सेकंद बंद?" मी गार पडलो, कारण या विषयावर जे काही वाचलंय त्याचं सार हाच प्रश्न आहे. त्यांनी लगेच पाऊच मशीन उघडून दाखवलं. दोन मिलिमीटरची चपटी नायक्रोम पट्टी, वर टेफ्लॉनचं कापड, दाबलं की पट्टीला क्षणभर करंट, लगेच बंद. "सतत दिलं की पाऊच जळतंय बघा. एक झटका द्यायचा आन सोडायचं. तुमच्या पंख्याला पण हेच करालाव ना तुमी?" हो अण्णा, अगदी हेच करालोय आम्ही. चटणीच्या पाऊचवर हात बसलेल्या माणसाला रोटर ब्लेडचं डी-आयसिंग पाच मिनिटांत समजलं आणि मला याचं मनापासून कौतुक वाटतं.

मग गोल वायर रद्द झाली आणि चपटी पट्टी आली, दोन मिलिमीटर रुंद, ०.१ मिलिमीटर जाड. फायदा म्हणजे पात्याच्या नाकावर उंचवटा येत नाही, हवा जिथं पहिल्यांदा लागते तो भाग गुळगुळीत राहतो, शिवाय पट्टीचा पृष्ठभाग जास्त असल्याने उष्णता पसरून लागते. एक मीटर पट्टीचा रेझिस्टन्स साडेपाच ओहमच्या जवळपास येतो. प्रत्येक पात्याचे आम्ही दोन भाग केले, हबजवळचा आणि टोकाकडचा, एका भागात २० सेंटीमीटरच्या चार रांगा म्हणजे ८० सेंटीमीटर पट्टी, ४.३६ ओहमचा हिशोब. खाली काप्टन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेशनची टेप), वर काप्टन टेप, त्यावर फायबर ग्लासचा पातळ थर. खऱ्या पात्यावर याच्याही वर टायटॅनियम नाहीतर निकेलची पातळ पट्टी असते, वाळू आणि पावसाच्या माऱ्याने कड झिजू नये म्हणून. आम्हाला तिची गरज नव्हती.

जॉईंटबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण सगळा जीव तिथंच आहे. कुठल्याही हीटरमध्ये मधली पट्टी क्वचितच जाते, जाते ती टोकाला, जिथं नायक्रोम संपतो आणि तांबं सुरू होतं. अण्णांनी काय केलं, शेवटची दीड-दोन इंच पट्टी दुहेरी दुमडली, म्हणजे तेवढ्या भागात रेझिस्टन्स निम्मा होऊन तो भाग मधल्यापेक्षा खूप गार राहतो, त्याला ते "थंडी शेपूट" म्हणतात. ती शेपूट आणि वायरची टोकं एका छोट्या पितळी नळीत घालून दाबली, प्लायरने नाही, हाताच्या प्रेसने, दोन ठिकाणी पंच. मग नखाने ओढून बघितलं, भिंगातून बघितलं, आणि एक जॉईंट मला डोळ्याने व्यवस्थित दिसत असताना त्यांनी कापून टाकून परत केला कारण वायरची दोन तारं बाहेर राहिली होती. वरून ग्लास स्लीव्ह. श्रिंक स्लीव्ह लावू का म्हणून पोरगं विचारत होतं तर म्हणाले, "बाळा, ती वितळून चिकटून बसती, मग जॉईंट खोलायचा म्हटलं तर पातं फाडायचं का?"

वायर पण त्यांनीच बदलायला लावली. आमच्याकडे साधी पीव्हीसी होती. ती थंडीत काठीसारखी कडक होते, आणि पात्याच्या मुळाशी वायर सतत हलत असते, खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये तर पातं वर-खाली होतं, मागे-पुढे होतं, स्वतःभोवती पीळ घेतं, हे सगळं चालू असताना करंट पात्यात पोचवायचा असतो. म्हणून तिथं बारीक तारांची सिलिकॉन वायर घेतली आणि सैल वळसा ठेवून दोन्हीकडे क्लॅम्प केली, म्हणजे हालचाल वळशात होते, जॉईंटवर ओढ येत नाही.

स्लिप रिंग, म्हणजे स्थिर वायरीतून फिरणाऱ्या हबमध्ये करंट नेणारा जोड, आम्ही ऑनलाईन मागवली होती, १२ वायरची, प्रत्येक वायर दोन अँपिअरची. वस्तू ठीक आहे, फिरायला मऊ आहे, पण वायरी फार नाजूक, हातात धरली तरी तुटेल अशी भीती वाटते, त्यामुळे तिला तीन स्टार. इथं वायरिंगची खरी गंमत झाली. पोरांचा प्लॅन दोन्ही पात्यांचे हीटर पॅरलल जोडायचा होता. अण्णा म्हणाले सिरीजमध्ये घ्या. आधी मला वाटलं करंट कमी व्हावा म्हणून सांगताहेत, आणि ते होतंच, ३६ व्होल्टच्या सप्लायवर दोन भाग सिरीजमध्ये म्हणजे ८.७ ओहम, चार अँपिअरच्या थोडं वर, प्रत्येक भागाला ७४ वॅटच्या आसपास. पण त्यांचं कारण वेगळं होतं. "एका पंख्याचा हीटर उडाला तर दुसऱ्याचा पण बंद पडला पाहिजे का नको? एकच बाजू हलकी झाली तर तुमचं मशीन नाचंल की ओ." खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये हे काम कंट्रोलर करतो, प्रत्येक फेरीत करंट बघतो आणि कुठं फॉल्ट दिसला तर वैमानिकाला दिवा लावतो. आमच्या छोट्या मॉडेलमध्ये तेच काम नुसत्या जोडणीने झालं, एक पैशाचा पार्ट न वाढवता. मात्र सिरीजमध्ये दोन्ही हीटर सारखे पाहिजेत, नाहीतर ज्याचा रेझिस्टन्स जास्त तो जास्त तापणार, म्हणून त्यांनी पट्ट्या मोजून, किंचित कापून, जोड्या लावल्या. आम्ही लॅबमध्ये मोजलं तर जोडीतला फरक ०.१ ओहमच्या आत होता. स्लिप रिंगच्या १२ वायरी अशा वाटल्या: तीन पहिल्या भागाला, तीन दुसऱ्याला, तीन दोघांच्या रिटर्नला (एका वेळी एकच भाग चालू असतो), आणि उरलेल्या थर्मिस्टरला, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरला. तीन-तीन एकत्र केल्यामुळे एका वायरवर दीड अँपिअरसुद्धा येत नाही आणि रिंग गरम होत नाही.

टेस्टला एका आईस्क्रीम डिस्ट्रिब्युटरने त्यांची कोल्ड रूम वापरू दिली, उणे १८ डिग्री, बाहेर रस्त्यावर डांबर वितळतंय आणि आत पोरं स्वेटर घालून. मॉडेल जाळीच्या पेटीत ठेवलं, बाटलीने बारीक फवारा मारून पात्यांवर थर चढवला. हे खरं ढगातलं आयसिंग नाही, ते पोरांच्या रिपोर्टमध्येही स्पष्ट लिहायला लावलंय, पण पात्यावरून बर्फ सुटतो का एवढं बघायला पुरेसं आहे. आधी मुद्दाम १२ व्होल्ट देऊन बघितलं. बर्फ खालून भिजला, ओलसर झाला, पाणी हळूहळू मागे ओघळलं आणि हीटर जिथं संपतो तिथं परत गोठलं, कड मोकळी आणि मागे एक नवी जाड रेघ. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं की कमी ताकदीने जास्त वेळ तापवू नका, पण पोरांनी ते डोळ्याने बघितलं. मग ३६ व्होल्ट. काही सेकंद काहीच नाही. नंतर बर्फाखाली एक बारीक राखाडी रेघ दिसली, ती पसरली, आणि अख्खी कांडी एका तुकड्यात सुटून जाळीवर आपटली, समोरच्या पात्याची जवळजवळ त्याच क्षणाला. एक पोरगी एवढ्या जोरात ओरडली की बाहेरचा हमाल दार उघडून बघायला आला. परत थर चढवला, परत तेच. दिवसभर चाललं, एकही जॉईंट गेला नाही.

कोल्ड रूममधून बाहेर काढल्यावर मात्र जपावं लागतं. एवढं थंड झालेलं मॉडेल उन्हाळ्याच्या हवेत आलं की दोन मिनिटांत सगळीकडे दव धरतं, स्लिप रिंगच्या तोंडाशी पण. अण्णांनी आधीच तिथं आणि पात्याच्या मुळाशी आरटीव्ही सिलिकॉन (पाणी अडवणारं सीलंट) भरून दिलं होतं. कोरडं पुसून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला तर इन्सुलेशन शाबूत. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, "पंपाचं काम करतो सर, पाणी कुठून शिरतंय ते माहिताय आपल्याला" एवढंच म्हणाले.

आता तक्रारी. पहिली, वायरींवर खुणा नाहीत. सगळ्या लाल. कुठली टोकाकडच्या भागाची, कुठली हबजवळची, काही कळत नाही, पोरांना मल्टीमीटर लावून एकेक शोधत बसावं लागलं. एवढं सुंदर काम करणाऱ्या माणसाने नंबरच्या रिंगा का घालू नयेत? मी तोंडावर पण बोललो, ते नुसते हसले. दुसरी, रीडिंग लिहून देत नाहीत. रेझिस्टन्स किती, मेगर किती, सगळं तोंडी. कॉलेजच्या फाईलला कागद लागतो, शेवटी आम्हीच परत मोजून लिहिलं. तिसरी, उन्हाळ्यात जाऊ नका. मार्चपासून कूलर आणि बोअरच्या मोटरींचा ढीग लागतो, शेतकरी माणूस पंप घेऊन दारात उभा असतो आणि त्याचं पीक वाळत असतं, त्याच्यापुढे आमच्या मॉडेलला नंबर कसा लागणार, ते मला मान्यच आहे. पण मग फोन उचलून तेवढं तरी सांगावं ना. फोन उचलत नाहीत. दिवाळी झाल्यावर ते संक्रांतीपर्यंतचा काळ बरा.

एक गोष्ट अण्णांकडे मिळत नाही ती म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. हीटर चालू-बंद करायला सॉलिड स्टेट रिले (इलेक्ट्रॉनिक स्विच) लागतो आणि डीसीला डीसीचाच लागतो. दुसऱ्या एका दुकानदाराने पोरांच्या हातात एसीचा दिला, "चालतंय, सगळ्याला हाच नेतात" म्हणून. एसीचा रिले डीसीवर एकदा चालू झाला की करंट तुटल्याशिवाय बंद होत नाही, म्हणजे हीटर अडकून राहणार आणि पातं जळणार. नशिबाने लॅबमध्ये बल्ब लावून टेस्ट करायची पद्धत आहे म्हणून तिथंच सापडलं. त्या दुकानदाराने बदलून दिला नाही. कुणी असलं काही करत असाल तर रिलेवर आउटपुटला डीसी लिहिलंय का ते बघितल्याशिवाय काउंटर सोडू नका, आणि थर्मिस्टरचा कटऑफ वेगळा ठेवा, रिलेच्या भरवशावर राहू नका. बर्फ नसताना हीटर चालू राहिला तर काप्टन टिकेल पण खालचं रेझिन टिकणार नाही.

पैसे. पट्ट्या, वायर, स्लीव्ह, सगळ्या जॉईंटची मजुरी धरून तीन हजारांच्या आत झालं, आणि त्यात कापून टाकलेल्या जॉईंटचे वेगळे पैसे नाहीत. बिल हाताने लिहिलेलं मिळतं, जीएसटीचं पक्कं बिल पाहिजे असेल तर आधीच सांगा, नंतर मागितलं तर कुरकुर होते. कॉलेजची पोरं आहेत म्हणून घासाघीस करायला जाऊ नका, आमच्या पोरांनी केली नाही आणि त्याबदल्यात एका पोराला अख्खी दुपार प्रेसवर बसवून त्यांनी पंच करायला शिकवलं, रद्दी पट्टीवर, चुकलेले सगळे कापून दाखवत, आत तार कुठं दाबली गेली नाही ते.

जाताना कागदावर एवढं लिहून न्या: सप्लाय किती व्होल्ट, एसी का डीसी, किती सेकंद चालू, किती सेकंद बंद, हीटर कशावर चिकटणार आणि ती वस्तू किती गरमी सोसते, आणि वायर हलती आहे का स्थिर. स्लिप रिंग असेल तर ती बरोबरच न्या, तिच्या वायरीची जाडी बघूनच ते नळी निवडतात. आणि रंगीत वायरी आपल्या आपण घेऊन जा, लाल सोडून.